न ऐकलेले फुलटोचे

कोकोच्या बागेत पक्षी मोजायचे म्हणजे डोळ्यांचं काम थोडं आणि कानांचं फार. खाली माणसाहून जरा उंच अशी कोकोची झाडं, खोडालाच चिकटून लटकलेल्या पिवळ्या-तांबड्या शेंगा, आणि त्यांच्या डोक्यावर सावलीसाठी राखलेले जुने वृक्ष, एकेक तीन माणसांच्या कवेत न मावणारा. वरच्या त्या पानांच्या गर्दीत काय हलतंय ते खालून दिसत नाही. दहा पक्षी वहीत चढले तर त्यातले नऊ ऐकून आणि एखादा बघून. मोजणीताई हे काम एकोणीस वर्षं करत होती आणि आता दमली होती.

गुडघे तर कुरकुरायचेच. ओल्या पाचोळ्यावरून उतार चढताना ते दर वर्षी जरा जास्तच बोलायला लागले होते. पण खरा शीण त्यांचा नव्हता. चार वर्षं झाली, तिची वही पातळ होत चालली होती. पूर्वी मोजणीच्या ठरलेल्या एका थांब्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की पेन्सिलीला उसंत मिळायची नाही. फुलटोचे, चष्मेवाले, पर्णवटवटे, निखार, ही सगळी मुठीत मावणारी जात वरून नुसता कलकलाट करायची. आता तांबट, सुतार, हळद्या, कोतवाल असे मोठ्या गळ्याचे तेवढे उरले होते. बारके एकेक करून नाहीसे झाले आणि त्यांच्या रकान्यांत शून्यं मांडायचं काम तिच्याकडे आलं. मेलेल्याच्या घरी रोज हजेरी घ्यायला जावं, तसं तिला पहाटे उठताना वाटायचं.

ती ज्या पक्षी-अभ्यास संस्थेसाठी मोजायची, त्या संस्थेने तिच्या या शून्यांवरूनच महिन्यापूर्वी मालकांना अहवाल पाठवला होता. मालक म्हणजे बागेचे मालक, साठीचे, उंच, जरा पोक आलेले गृहस्थ. त्यांच्या कोकोला काळी बुरशी लागत होती. सावली दाट, ओल जास्त, शेंगा झाडावरच काळ्या पडायच्या. सल्लागार सांगत होता की वरची झाडं पाडा, ऊन येऊ द्या, बुरशी आपोआप हटेल. मालकांचा जीव होत नव्हता. ती झाडं त्यांनी राखली होती ती मोजणीताईच्याच शब्दावर. सोळा वर्षांपूर्वी तिने कोकोच्या काही फांद्यांना बारीक जाळी बांधून दाखवली होती. पक्ष्यांना जाळीच्या आत जाता येईना, अळ्यांना मात्र मोकळं रान. दोन महिन्यांत जाळीतल्या पानांची चाळण झाली आणि बाहेरची पानं शाबूत राहिली. मालकांनी ती चाळण झालेली पानं हातात घेऊन बघितली होती आणि म्हणाले होते की झाडं राहतील.

पण आता अहवालात स्वच्छ लिहिलं होतं की सावली असूनही अळ्या खाणारे लहान पक्षी या बागेत टिकलेले नाहीत. मग झाडं ठेवायची कशासाठी? मालकांनी अहवाल दोनदा वाचला आणि पाडायच्या झाडांना पिवळे पट्टे मारायला सांगितले. बागेला तीन उतार होते, खालचा, मधला आणि वरचा. तिन्हींवर पट्टे पडले. करवतवाले सोमवारी यायचे होते.

हे सगळं मोजणीताईला ठाऊक होतं. तिला वाईट वाटलं, पण आकडे तिचेच होते. आपल्याच वहीशी भांडणार कसं?

तर त्या आठवड्यातल्या गुरुवारी ती मधल्या उतारावर अकराव्या थांब्याशी उभी होती. वर झाडावर शेंडेकाका होते. त्यांचं आडनाव शेंडे नव्हतं. चाळीस वर्षं ते सावलीच्या झाडांच्या शेंड्यांवर चढून फांद्या छाटत आले होते, म्हणून लोकांनीच त्यांना ते नाव चिकटवलं होतं. पाडण्याआधी फांद्या उतरवायच्या, म्हणजे झाड कोसळताना कोको चिरडत नाही, असं ते काम होतं. आपणच वाढवलेल्या झाडाचे हात आपणच तोडायचे म्हणून ते चार दिवस कुणाशी धड बोलत नव्हते. दोर कमरेला, पाय खोडाला, आणि तोंडाला कुलूप.

दहा मिनिटं संपली. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. तिने वही मिटली, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ताई, त्या बारक्याला लिहिलंत का?"

तिने वर बघून कोणता बारका म्हणून विचारलं.

"हा काय, तुमच्या डोक्यावरच्या फांदीला. मघापासून डोकं उठवलंय त्यानं."

तिने दुर्बीण डोळ्याला लावली. बांडगुळाच्या झुबक्यात फुलटोचा बसला होता. राखी रंगाचा, आखूड शेपटीचा, पंधरा हातांवरही नव्हता. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. गळ्याची पिसं थरथरत होती. प्रत्येक हाकेला त्याचं सबंध अंग हलत होतं. आणि आवाज नव्हता.

तिने दुर्बीण खाली घेतली, पुन्हा लावली. चोच उघडत होती. वारा ऐकू येत होता, खालच्या ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, शेंडेकाकांच्या दोराची करकर ऐकू येत होती. तेवढाच एक आवाज जगातून कुणी काढून घेतला होता.

"आत्ताही ओरडतोय?" तिने विचारलं.

शेंडेकाकांनी खाली वाकून तिच्याकडे नीट बघितलं. ती गंमत करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते दोरावरून खाली उतरले.

पुढचे पाच थांबे दोघं बरोबर गेले. तिनेच तशी विनंती केली. दहा मिनिटं तिने आपलं नेहमीसारखं लिहायचं आणि काकांनी पाठीमागे उभं राहून, बारीक आवाज आला की नुसतं बोट करायचं. त्यांना पक्ष्यांची नावं येत नव्हती. हा चिकचिक्या, तो सुईवाला, तो पिपाणीवाला, अशी त्यांची स्वतःचीच नावं होती. पण त्यांचं बोट जिकडे वळलं तिकडे तिने दुर्बीण फिरवली की पाच वेळांतून चार वेळा कुणीतरी असायचंच. फुलटोचा. पर्णवटवट्या. चष्मेवाल्यांचा सबंध थवा, पानोपानी उलटा लटकून अळ्या वेचणारा. पाच थांब्यांवर तिने ऐकून लिहिलेल्या बारक्या पक्ष्यांचा आकडा होता एक. काकांच्या बोटाने भरले एकवीस.

सोळाव्या थांब्याशी ती दगडावर बसली. काकांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

काका जरा घुटमळले. मग म्हणाले की दोन-तीन वर्षं तरी झाली असतील, ती न लिहिताच पुढे जाते हे ते वरून बघत होते. "मला वाटलं, तुमच्या शास्त्रात बारक्यांना आता धरत नसतील. शिकलेल्या माणसाला काय विचारायचं?"

तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्हींना लागतं तेवढं बळ अंगात नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक उंच मेज, वर वाकडा दिवा, आणि कपाटभर घड्याळं, त्यातली निम्मी गिऱ्हाईकं विसरून गेलेली. नवरा डोळ्याला भिंग लावून बसला होता. तिने दारातच पायताण काढलं आणि सांगून टाकलं. फुलटोचा, त्याची चोच, काकांचं बोट, सगळं. तो ऐकत राहिला. भिंग काढलं नाही आणि मानही वर केली नाही.

तेव्हा तिला कळलं की त्याला हे नवीन नाही.

तिने आपल्या मनगटाकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी तिचं जुनं घड्याळ बिघडलं म्हणून त्याने हे आणून दिलं होतं. जुनं दहा मिनिटांनी बारीक पिप्-पिप् करायचं. हे नुसतं थरथरायचं. जंगलात पक्षी बुजत नाहीत, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं आणि तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

"अहो, ते जुनं घड्याळ बिघडलं नव्हतं ना?"

त्याने चिमटा खाली ठेवला. "नव्हतं. तुझ्या हातावर वाजत राहायचं आणि तू भाजी चिरत राहायचीस."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. दोनदा तोंडापर्यंत आलं." तो मेजावरचे बारके स्क्रू एका बाजूला सारू लागला. "तू पहाटे उठून जातेस ना, तेव्हा तुझा चेहरा बघतो मी. तेवढं एकच काम तुझं स्वतःचं आहे. ते मी कशाला काढून घेऊ, असं वाटलं."

तिला राग यायला हवा होता. आलाही, पण तो नवऱ्यापर्यंत पोचण्याआधीच स्वतःकडे वळला. दोन वर्षं ती त्याला म्हणत होती की तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता. धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होती की आजकाल मुली पुटपुटतात. सगळं जग पुटपुटायला लागलं आणि आपला कान तेवढा शाबूत, असं कुणाचं असतं का? वाढत्या वयात कान वरच्या सुरांपासून जायला लागतात हे ती स्वतः शिकाऊ पोरींना शिकवत आली होती. दर दोन वर्षांनी तपासून घ्या, असं त्यांना बजावायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी ती कान तपासायला गेली. पेटीसारखी बारकी खोली, भिंतींना जाड कापडाचे तक्ते, कानांवर यंत्र, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसली होती. सुरुवातीला बटण भराभर दाबलं गेलं. मग अंतर वाढलं. मग नुसतीच शांतता. मोजणीताई बसून राहिली. काचेपलीकडे मुलीचा हात एकेक कळ फिरवत होता, म्हणजे आवाज चालूच होते. शेवटी मुलगी उठून दार उघडायला आली.

कागदावर एक रेघ होती. अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग कड्यावरून घसरावी तशी खाली गेलेली. मुलगी फार गोड होती. म्हणाली की पंचावन्नाव्या वर्षी हे अगदी सर्वसाधारण आहे, काळजी करू नका, बोलणं-चालणं, टीव्ही, रोजच्या कामात काही अडचण यायची नाही. मग फॉर्म भरायचा म्हणून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

मोजणीताईने सांगितलं. मुलीने लिहिता लिहिता हात थांबवला.

तिथून ती थेट संस्थेत गेली. संस्था गावाच्या टोकाला होती, जुन्या दुमजली इमारतीत. वरच्या मजल्यावर मॅडमची खोली. या मॅडम तेरा वर्षांपूर्वी मोजणीताईच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आल्या होत्या. डोळे मिटून उभं राहायचं, एका आवाजाचा धागा पकडायचा, बाकीचे सोडून द्यायचे, हे त्यांना तिनेच शिकवलं होतं. आता त्या प्रमुख झाल्या होत्या. चारचौघांत ती त्यांना मॅडम म्हणायची, एकट्यात अगं-तुगं. आणि त्या अजून तिला ताईच म्हणायच्या.

ताईने कान-तपासणीचा कागद मेजावर ठेवला आणि शेजारी पाच थांब्यांचे दोन रकाने, आपला आणि काकांचा. मॅडमनी दोन्ही वाचले. मग उठून दार लावून घेतलं.

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते ताईला दिसत होतं. चार वर्षांची मोजणी. तिच्यावर उभे राहिलेले दोन लेख. पाठवलेला अहवाल. खाली मॅडमची सही. सगळ्यांना एकाच ठिकाणी भोक.

"ताई, मला आठ दिवस द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "मी नीट बघते. कमिटीशी बोलते. मग रीतसर कळवू."

"सोमवारी करवत लागतेय."

"मला माहीत आहे."

"मग आठ दिवसांनी रीतसर कुणाला कळवणार? बुंध्यांना?"

मॅडमना ते लागलं. तशा त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या की ही चूक एकट्या ताईची नाही, दोन माणसांनी मोजायची पद्धत संस्थेने माणसं कमी म्हणून बंद केली, ती त्यांच्याच सहीने. आणि अहवालात काही लिहायचंच झालं तर "साधनातील दोष" असं लिहिता येईल, म्हणजे कुणाच्या नावावर जायला नको. ताईने ऐकून घेतलं. तिला त्या खोलीतल्या खुर्चीवर डोकं टेकून झोपावंसं वाटत होतं. एकोणीस वर्षांची सगळी झोप एकदम अंगावर आल्यासारखी.

"तुला लिहायचं ते नंतर लिही," ती म्हणाली. "मी मालकांकडे जाते."

ती शनिवारी सकाळी बागेत पोचली तेव्हा करवत आधीच चालू होती. करवतवाल्यांचं दुसरीकडचं काम लवकर आटोपलं म्हणून ते तीन दिवस आधी, कालच आले होते. करवतीचा आवाज तिला चांगला ऐकू येत होता, त्याला काही कान लागत नाहीत. खालच्या उतारावरची नऊ झाडं आडवी झाली होती. जिथे तिने एकोणीस वर्षांत कधी ऊन जमिनीला टेकलेलं पाहिलं नव्हतं तिथे लख्ख उजेड पडला होता, आणि कोकोची पानं त्या उजेडात गांगरल्यासारखी लोंबत होती. पहिल्या सहा थांब्यांच्या खुणा लाकडाच्या भुशाखाली गेल्या होत्या.

मालक शेंगा फोडायच्या पडवीत बसले होते. बायका समोर शेंगा फोडून गर काढत होत्या, त्यातल्या काळ्या पडलेल्या वेगळ्या टाकत होत्या. काळ्यांचा ढीग मोठा होता. तिने मालकांना बाजूला बोलावलं नाही. जे सांगायचं ते तिथेच, सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. पक्षी आहेत. मला ऐकू येत नव्हते. तुमच्या हातातला अहवाल चुकीचा आहे आणि चूक माझी आहे.

बायकांचे हात थांबले. मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खालच्या उताराकडे हात केला.

"नऊ गेली, ताई."

"हो."

"वडिलांनी लावलेली होती त्यातली चार. काल मी घराबाहेर पडलो नाही, पडताना बघायला नको म्हणून. मनाला एकच समजावलं, की बाईंनी मोजलंय, बाईंचा आकडा खोटा नसतो."

तिने त्या नऊ बुंध्यांकडे बघितलं.

मालकांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले की तुमच्या आधीच्या आकड्यावर झाडं ठेवली, नंतरच्या आकड्यावर पाडली, आता तुम्ही म्हणता आधीचाच खरा. उद्या तिसरं सांगाल. ही समोरची काळी रास तर खरी आहे ना? तिला तुमचा कोणता पक्षी खातो?

"बुरशीला पक्षी खात नाही," ती म्हणाली. "त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त एवढंच मागते, की पुन्हा मोजू द्या. मी मोजणार नाही. ज्यांना ऐकू येतं ते मोजतील. दहा दिवस करवत थांबवा. त्यानंतर तुमची बाग, तुमची मर्जी."

शेंडेकाका तेव्हा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले की मालक, मी चाळीस वर्षं तुमच्याकडे काही मागितलं नाही, आता दहा दिवस मागतो. मालक म्हणाले की एवढं सगळं तुला ऐकू येत होतं तर तू का नाही बोललास? काका म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही."

मालक उठले, पडवीच्या कठड्याशी गेले आणि खालच्या माणसांना हाताने खूण केली. थोड्या वेळाने करवत बंद झाली.

सोमवारी पहाटे मोजायला मॅडम स्वतः आल्या. ताईला वाटलं होतं की त्या कुणाला तरी पाठवतील. पण त्या जुने बूट घालून, वही-पेन्सिल घेऊन अंधारातच फाटकाशी उभ्या होत्या. झोप झाली नव्हती हे दिसत होतं. कमिटीशी बोलणं झालं होतं आणि ते काही गोड झालं नव्हतं, एवढंच त्या म्हणाल्या.

दहा दिवस तिघं रोज बागेत फिरली. मॅडम आणि काका एकमेकांकडे पाठ करून ऐकायचे, आपापलं वेगळं टिपायचे. काकांना लिहिता येत होतं, पण हळू, म्हणून ते नुसत्या रेघा ओढायचे. ताईचं काम होतं बघायचं. ऐकलेला पक्षी दिसला तर कोणता ते नक्की करायचं. प्रमुख झाल्यापासून खोलीत बसून मॅडमचा कान जरा गंजला होता. दोनदा त्यांनी फुलटोच्याला शिंपी म्हटलं आणि ताईने दुर्बिणीतून बघून दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा मॅडम हसल्या. फार दिवसांनी हसल्यासारख्या.

ताईला ते दिवस सोपे गेले नाहीत. प्रत्येक थांब्यावर दोन माणसं कान देऊन उभी, त्यांचे चेहरे एखाद्या दिशेला वळलेले, आणि तिच्या वाट्याला नुसते ते चेहरे. ती त्यांच्या माना वळताना बघायची आणि तिकडे दुर्बीण न्यायची. कधी वर चोच हलताना दिसायची, कधी काहीच नाही. एका पहाटे वरच्या उतारावर मॅडमनी डोळे मिटून नुसतं "किती आहेत गं, ताई" म्हटलं, आणि मग जीभ चावली. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुढे मोज, एवढंच म्हणाली.

दहाव्या दिवशी आकडे जुळवले. मधल्या आणि वरच्या उतारांवर फुलटोचे, चष्मेवाले, पर्णवटवटे, सगळे होते. पाच-सात वर्षांपूर्वी तिच्या वहीत असायचे जवळजवळ तेवढेच. पण निखार नव्हता. एकही नाही, तिघांपैकी कुणालाच ना दिसला ना ऐकू आला. निखाराचा नर शेंदरासारखा लाल, तो कान नसले तरी डोळ्यांना चुकत नाही. ताईच्या चार वर्षांच्या शून्यांतलं ते एक शून्य खरं होतं. तिला त्याचा आनंद व्हावा की दुःख ते समजेना. मॅडमनी विचारलं की तो का गेला असेल. ताई म्हणाली की माहीत नाही, आणि ते आता तूच शोधून काढ.

खालच्या उतारावर, जिथे नऊ झाडं गेली होती, तिथे तांबट सोडून कुणी आलं नाही.

मालकांनी पडवीत बसून सगळं ऐकलं. आकड्यांचा कागद त्यांनी घेतला नाही. म्हणाले, तोंडी सांगा, कागदाचा मला आता वीट आलाय. मॅडमनी सांगितलं. मालकांनी बुरशीचं काय म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा शेंडेकाका बोलले. झाडं न पाडता मधल्या फांद्या विरळ करता येतील, त्यांच्या तरुणपणी तशा करायचे, काम जिकिरीचं म्हणून पुढे बंद पडलं. त्याने वारा खेळतो, ओल सुकते. बुरशी जाईल असं नाही, कमी होईल. शेवटी मालक म्हणाले की वरचे दोन उतार राहू देत, एक वर्ष बघू. खालच्यावर जे झालं ते झालं. आणि बुरशी वाढली तर मी कुणाचं ऐकणार नाही, ना पक्ष्यांचं ना माणसांचं.

एवढंच हाती आलं.

संस्थेने दुरुस्तीचं पत्र काढलं. मॅडमनी मसुदा दाखवला तेव्हा त्यात "साधनातील दोष" हेच शब्द होते. ताईने पेन्सिलीने ते खोडले आणि वर लिहिलं, "मोजणाऱ्या व्यक्तीची श्रवणक्षमता कमी झाली होती व ती तपासली गेली नव्हती." खाली आपलं नाव घातलं. मॅडमनी त्याखाली एक ओळ वाढवली, की दोन व्यक्तींनी मोजण्याची पद्धत प्रमुखांनी बंद केली होती. दोघींनी सह्या केल्या. त्यानंतर कमिटीने मॅडमना समज दिली, आणि ताईला मोजणीच्या कामावरून मोकळं केलं. निरोपाचा समारंभ वगैरे झाला नाही. तिनेच नको म्हटलं होतं.

आठवड्याभराने शेंडेकाकांनी निरोप धाडला की फांद्या विरळ करायच्यात, कोणत्या फांदीवर घरटी आहेत ते खालून कुणीतरी सांगायला हवं, तुम्ही येता का? नवऱ्याने निरोप वाचून दाखवला आणि तिच्याकडे बघत राहिला. ती अंथरुणावर पडून होती. सकाळचे नऊ वाजून गेले होते, ऊन पार पायापर्यंत आलं होतं. एकोणीस वर्षांत ती एवढा वेळ कधी झोपली नव्हती आणि तरी डोळे जड होते.

"त्यांना कळवा, दोन दिवस झोपते, मग येते," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

तिसऱ्या दिवशी ती गेली. पहाटे नाही, चांगली जेवूनखाऊन, अकराच्या सुमाराला. काका झाडावर चढलेच होते. ती खाली मान वर करून उभी राहिली, दुर्बीण लावली आणि पहिली फांदी ठेवायची म्हणून हाताने खूण केली.